खेथिवेचा होकार

अजूनही बाजारात कुणी ना कुणी मला थांबवतं आणि म्हणतं, "मासिबिया, तुम्ही त्या टेकडीवरच्या लेकरांसाठी जन्म घालवलात हो!" मी मान हलवते आणि कोबी निवडायला लागते. दुसरं काय करू? भर बाजारात त्या बाईला खरं सांगू?

सव्वीस वर्षं मी एशोवे गावाच्या टेकडीवरच्या घरात बायकांच्या बाजूची घरआई होते. घरात बत्तीस माणसं. सगळी मोठी, बुद्धीने सावकाश. आम्ही त्यांना लेकरं म्हणायचो. एकाच्या दाढीत पांढरे केस, एकीचे निम्मे दात पडलेले, तरी लेकरंच. लेकरं म्हटलं की बरं असतं. लेकरांना विचारावं लागत नाही.

खेथिवे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आई नुकतीच गेलेली, बाप जोहान्सबर्गला गेला तो गेलाच. मामाने तिला पिकअपमधून आणून फाटकाशी उतरवलं, घोंगडी आणि रेडिओ हातात दिला आणि मागे न बघता निघून गेला. पोरगी रडली नाही. आल्या आल्या मला म्हणाली, "इथे मोठी कोण?"

"मीच," मी म्हटलं. "काय पाहिजे?"

"काही नाही. माहीत असावं."

अशी होती ती. आकडे सहापर्यंत यायचे, पुढचे सगळे "बाकीचे". पण घरातल्या प्रत्येकाचं कुळ तिला पाठ. सकाळी न्याहारीला प्रत्येकाला त्याच्या कुळाच्या नावाने हाक मारून नमस्कार करायची. चुकायची नाही कधी. माझ्या सख्ख्या सुनेला अजून ते जमत नाही. रागीटही होती. तिच्या जागेवर कुणी बसलं की भांडायची नाही, समोर येऊन उभी राहायची. मक्याच्या फुथूची ताटली हातात, तोंडातून शब्द नाही, नुसती उभी. समोरचं माणूस उठेपर्यंत घास खाली उतरायचा नाही.

आणि बोटं! आईने मणी ओवायला शिकवलं होतं. आमच्या घरात मण्यांचं काम चालायचं, पट्टे, गळ्यातले, पाहुण्यांना विकायला. बाकीच्यांचं एक गळ्यातलं होईपर्यंत खेथिवेची तीन व्हायची. मण्यांच्या पेटीची किल्ली माझ्या कमरेला. मी तिथली राणीच की!

मुझी पुरुषांच्या बाजूचा. मुझिवाखे त्याचं पूर्ण नाव, पस्तिशीचा असेल तेव्हा. खांदे बैलासारखे, पण बोलणं इतकं हळू की एक वाक्य संपेपर्यंत चहा निवायचा. म्हणून सगळे त्याचं वाक्य त्याच्या आधीच संपवून टाकायचे. मीसुद्धा. "मा... मला..." "टॉवेल ना? घे, तिथे आहे." बिचाऱ्याला दुसरंच काही हवं असायचं, पण तो टॉवेल घेऊन जायचा.

खेथिवे एकटी थांबायची. जेवणानंतर पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर दोघं बसायची. तो बोलायचा, ती त्याच्या तोंडाकडे बघत बसायची, शेवटचा शब्द येईपर्यंत. मळ्यातल्या अळकुड्या उकडून तो खिशात घालून आणायचा, नखाने सोलून तिला द्यायचा. ती त्याच्या शर्टावरची माती झटकायची. दोन वर्षं हे चाललं. आम्ही घरआया खिडकीतून बघायचो आणि हसायचो. "आले बघा नवराबायको!" तेव्हा गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू.

मग एक दिवस ती माझ्याकडे आली. मी मणी निवडत होते. ती समोर उभी राहिली, जागेवरून उठवायला राहते तशी.

"मा, तू मोठी ना?"

"हो. मग?"

"मला सांगायचंय. मोठीला सांगायचं असतं. मला मुझी आवडतो. होकार देऊ का?"

आता हे नीट ऐका, कारण माझं पाप इथेच आहे. आमच्याकडे पोरगी आपल्या मनाने होकार देत नाही. आधी मोठ्या पोरींना सांगते. मोठ्या पोरी त्या मुलाला पारखतात, त्याला चार दिवस हेलपाटे घालायला लावतात, टोमणे मारतात, आणि मग पोरीला म्हणतात, जा, दे होकार. तेव्हा ती पांढऱ्या मण्यांची माळ ओवून त्याच्या गळ्यात घालते. त्याच्या घरी मग पांढरं निशाण चढतं, म्हणजे गावाला कळतं की या घरातल्या पोराला कुणीतरी पत्करलं. आणि मोठ्या पोरी तिला सगळं शिकवतात. कसं जवळ जायचं, कुठे थांबायचं, नको असेल तर नाही कसं म्हणायचं, अंग कसं राखायचं. हे शिकवणं मोठीचं कामच. मी स्वतः माझ्या तीन चुलत बहिणींची मोठी होते. गावात माझं नाव होतं. "तिच्या हाताखालच्या पोरीचा पाय कधी घसरला नाही," म्हणायचे. आजकालच्या पोरी रीत विसरल्या म्हणून चर्चच्या बायकांत दर गुरुवारी मीच सगळ्यांत जास्त नाकाने कांदे सोलायची.

आणि ही पोरगी, जिला सहाच्या पुढे मोजता येत नव्हतं, रीतीने माझ्यासमोर उभी होती. आईने शिकवलं होतं तसं, नजर खाली, हात पुढे एकात एक धरलेले. सगळ्या मुलुखात त्या वर्षी इतक्या नीट कुणी विचारलं नसेल.

मी हसले. "जा गं बाई," म्हटलं. "तुला कोण विचारतंय होकार नि नकार! जा, पट्टा पुरा कर."

ती गेली नाही. उभीच राहिली. मला काम होतं, तिला घालवायची होती, म्हणून मी म्हटलं, "बरं बरं, दे होकार. झालं?"

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मी परत मणी निवडायला लागले. पाच मिनिटांत विसरूनही गेले.

ती नाही विसरली.

महिन्याभराने पाहुणे यायचे होते, डर्बनहून, घराला मदत करणारे. मेट्रन झोंदी, आमच्या वरिष्ठ, आठ दिवस आधीपासून झाडू घेऊन मागे लागलेल्या. पाहुणे जेवायच्या खोलीत आले, आमच्या लेकरांनी गाणं म्हटलं, सगळं छान. तेवढ्यात त्यांतल्या एका बाईने खिडकीतून बोट दाखवलं. "ते काय आहे?"

कपडे वाळत घालायच्या खांबावर, पुरुषांच्या बाजूला, अगदी टोकाला, उशीचा पांढरा अभ्रा फडकत होता. आणि खाली मुझी उभा, शर्टाची वरची बटणं उघडी, गळ्यात पांढऱ्या मण्यांची माळ. छाती अशी पुढे काढलेली की जणू राजाने बोलावलंय.

मेट्रननी माझ्याकडे बघितलं. कामाच्या पाचही बायकांनी बघितलं. सगळ्यांना कळलं होतं ते काय आहे. स्वयंपाकीणबाई तोंडात एप्रन कोंबून हसायला लागली. बायकांची बाजू माझी, मणी माझे, किल्ली माझी. पाहुणीबाई म्हणाली, "किती गोड! काही सण आहे का?"

मी म्हणू शकले असते, हो, सण आहे, आमच्या खेथिवेने होकार दिलाय. एवढंच तर वाक्य. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

मी बाहेर गेले. अभ्रा ओढून काढला. मुझीला हाताला धरून आत आणलं, सगळ्यांच्या समोर, आणि एप्रनच्या खिशातली मण्यांची कात्री काढून ती माळ कापली. मणी फरशीवर उडाले. "लाज नाही वाटत?" मी ओरडले. "चोरीचे मणी! आणि हे घाणेरडे धंदे! पाहुण्यांसमोर!" मग खेथिवेकडे वळले. "ऊठ. गोळा कर सगळे. एकूण एक."

ती गुडघ्यावर बसली. मुझी काहीतरी बोलायला लागला होता. "मा... तूच... तूच..." त्याचं वाक्य मी पुरं केलं नाही त्या दिवशी, आणि करूही दिलं नाही. काय म्हणणार होता ते मला पक्कं माहीत होतं. मी त्याला गप्प बस म्हटलं.

खेथिवे फरशीवरून मणी वेचत होती. सहा झाले की ओंजळीत टाकायची, पुन्हा एकपासून सुरू. सगळे जेवले, पाहुणे गेले, तरी ती टेबलाखालीच होती. तिने मान वर करून एकदाच माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती विचारात पडल्यासारखी बघत होती. आपलं रीतीत काय चुकलं ते शोधत होती.

संध्याकाळी मेट्रनच्या खोलीत मी म्हटलं, "मॅडम, उद्या पोटुशी राहिली तर? नोकऱ्या जातील आपल्या." फार जबाबदार बाई मी!

मेट्रन चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मासिबिया, कशी राहील? सुई तर तुम्हीच देववता."

खरं होतं. दर तीन महिन्यांनी बायकांची रांग मीच लावायची. दंड पुढे कर, नर्स सुई टोचणार, पुढची. कशाची सुई ते एकीलाही कधी सांगितलं नव्हतं. पाळी येत नाही, चादरी कमी धुवाव्या लागतात, म्हणून आम्हाला सोयीची. म्हणजे मला पोटाची भीती नव्हतीच. मग कशाची होती? लोक हसले, त्याची. स्वयंपाकीणबाई हसली, त्याची. बस, एवढंच. याच्यापायी मी दोन माणसांचा संसार मोडला.

मेट्रनना खरं तर प्रकरण मिटवायचं होतं. मीच म्हटलं, दोघांतलं एक गेलं पाहिजे. तेही माझ्या पापात धरा. मुझीला त्याच्या भावाकडे मेल्मथच्या पलीकडे धाडलं. खेथिवेला सांगितलं, सुट्टीला गेलाय.

सुट्टी म्हटल्यावर माणूस परत येतो. ती बाकावर अर्धी जागा सोडून बसायची. कुणी त्या अर्ध्यावर बसलं की समोर जाऊन उभी राहायची. पहिलं वर्षभर. मग एक दिवस ती बाकावर जायची थांबली. न्याहारीला कुळांची नावं घेणंही कमी झालं. ती कुठे पुरुषाजवळून जात असली आणि मी दिसले, की माझ्याकडे बघून त्याच्यापासून दोन पावलं लांब सरकायची, मग तो पुरुष पाव देणारा ड्रायव्हर का असेना. "शहाणी झाली," मी म्हणायची. अकरा वर्षं अशी गेली.

मग नोम्फुंदो आली. समाजसेविका, सत्तावीस वर्षांची, टाचेचे बूट, तोंड फटकळ. पहिल्याच बैठकीत तिने विचारलं, "या बत्तीस जणांत कुणाचं कुणावर प्रेम आहे?"

स्वयंपाकीणबाई म्हणाली, "सिसी, ही लेकरं आहेत."

"लेकरं? माझ्या आईपेक्षा मोठी आहेत काही. त्यांच्या खोलीच्या दाराला आतून कडी का नाही?"

"पडलंबिडलं कुणी तर?"

"तुमच्या घरी आहे ना कडी? तुम्ही कधी पडला नाहीत?"

मला ती मुळीच आवडली नाही. काल आलेली पोर, आम्हाला शिकवते! पण ती एकेकाला घेऊन बसायची, तासन्‌तास. सुई कशाची ते तिने प्रत्येकीला चित्रं काढून समजावलं. हवी का नको, विचारलं. चौघी नको म्हणाल्या. आकाश कोसळलं नाही. तीन खोल्यांना आतून कड्या बसल्या. अंग, पुरुष, बाई, नाही म्हणणं, हो म्हणणं, सगळं ती उघड बोलायची, आणि मी दारात उभी राहून ऐकायची. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की यात नवं काही नाही. माझ्या बहिणींना मी हेच शिकवलं होतं, नदीवर, कपडे धुताना. हेच शब्द. मला सगळं येत होतं, आणि सव्वीस वर्षांत मी एकीलाही सांगितलं नाही.

एका सकाळी ती माझ्या खोलीत आली. "मा, खेथिवेला विचारलं, तुला कुणाची आठवण येते. 'मुझीची,' म्हणाली. कोण हा? कागदावर नुसतं 'शिस्तीसाठी स्थलांतर' लिहिलंय."

मी सगळं सांगितलं. कात्रीसकट. सांगताना वाटत होतं, ही आता ओरडेल, म्हणजे सुटेन. ती ओरडली नाही. बुटाच्या टोकाने जमीन टोकरत म्हणाली, "पत्ता आहे का?"

मी गेले. दोन टॅक्सी बदलून, उरलेला चढ पायी. मुझीचा भाऊ भला माणूस, त्याने ताक दिलं. मुझी गोठ्यामागे शेळ्या बांधत होता. केस पिकलेले, खांदे उतरलेले. मला बघितलं आणि त्याने आधी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग त्याच्याही वरचं, गळ्याशी.

"मुझी, खेथिवेला भेटायला येतोस?"

त्याला बोलायला वेळ लागला. या वेळी मी थांबले. उन्हात उभी राहून थांबले.

"मी... आता... घाणेरडं... करत नाही, मा."

मी तिथेच खाली बसले, शेणात बसले की मातीत ते बघितलंही नाही. म्हटलं, "तू कधीच केलं नव्हतंस. मी चुकले. माझी चूक होती, बाबा." त्याने मान हलवली, मोठ्या माणसाचं बोलणं कापू नये म्हणून हलवतात तशी. पटलं नव्हतं त्याला. अकरा वर्षांचं एका वाक्याने पुसलं जातं होय!

तो शनिवारी आला, भावाबरोबर, इस्त्रीचा शर्ट घालून. खेथिवेने केस विंचरून घेतले होते. आता पस्तिशीच्या जवळ आलेली बाई, कमरेने भरलेली. फाटकाशी दोघं समोरासमोर उभी राहिली आणि तिने त्याला कुळाच्या नावाने हाक मारली. तो रडायला लागला. ती थांबली, तो नमस्काराला उत्तर देईपर्यंत थांबली.

नोम्फुंदोने खेथिवेची खोली तयार ठेवली होती. चहा, पिठाचे तळलेले गोळे, नवी चादर. तिने दोघांना पुन्हा एकदा समजावलं, "खोली खेथिवेची आहे. दार लावा, नका लावू, बसा, बोला, काही करा, काही करू नका. तुमची मर्जी. कुणी येणार नाही." दोघं आत गेली. दार लागलं. मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला शेंगा सोलायला बसले. शेंगा काय, निमित्त. मला ते सुख डोळ्यांनी बघायचं होतं, आपलं पाप फिटलं असं म्हणायचं होतं. खोटं कशाला बोलू.

पाच मिनिटंही झाली नसतील, दार सताड उघडलं. खेथिवेने खुर्ची आणून दाराला लावली, मिटू नये म्हणून. मी उठून जवळ गेले. आत तो पलंगाच्या पार त्या टोकाला भिंतीला चिकटून बसलेला, ती या टोकाला. मध्ये अख्खी चादर, एक सुरकुती नाही. चहावर साय धरलेली.

मला बघताच दोघांनी दोन्ही हात पुढे केले. पालथे, मग उताणे. तपासायला देतात तसे.

"मा, बघ," खेथिवे म्हणाली. "हात नाही लावला. आम्ही चांगले आहोत."

मला शिव्या घालणारे पुष्कळ भेटले आयुष्यात, पण इतकी लाज मला कुणी वाटायला लावली नाही. मी म्हटलं, "खेथिवे, अगं लाव ते दार. तुझी खोली आहे. मी मोठी ना? मी सांगते, लाव."

ती माझ्याकडे बघत राहिली. मागे एकदा मीच 'दे होकार' म्हटलं होतं, आणि नंतर कात्री काढली होती. ते ती विसरली नव्हती. ती काहीच विसरत नसे.

मग ती उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तोंडातून शब्द नाही, नुसती उभी.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"तू जा," ती म्हणाली. "तू असलीस की लावता येत नाही."

मी शेंगांची परात तिथेच ठेवली. ओसरी उतरले, फाटकातून बाहेर आले, उसाच्या कडेने खाली डांबरी रस्त्यापर्यंत गेले आणि मिळाली त्या टॅक्सीत बसले. दार लागलं का, ते मी त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही. महिनाअखेर मी कमरेची किल्ली नोम्फुंदोच्या टेबलावर ठेवून नोकरी सोडली.